निवासी अकादमी, दौरे आणि लैंगिक छळ: प्रवेश घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

काळी_माती

परीक्षा संपत आल्या की निवासी क्रीडा अकादम्यांच्या जाहिराती सुरू होतात. पालक चौकशी करतात ती मॅट कुठली, मेसमध्ये अंडी-दूध किती, कोच एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षण घेतलेला) आहे का, किती पोरं नॅशनल खेळली याची. मुलीच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे असते, फिजिओ कुठे बसतो, दौऱ्यावर सोबत कोण जातं, हे सहसा कुणी विचारत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया हे कुस्तीपटू, कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत, दिल्लीत जंतरमंतरवर बसले. एफआयआर नोंदवायला २८ एप्रिल उजाडला, तोही महिला कुस्तीपटू सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. ऑलिंपिक आणि जागतिक पदकं गळ्यात असलेल्यांची ही गत, तर तालुक्यातल्या चौदा वर्षांच्या खेळाडूचं कोण ऐकणार? मे २०२४ मध्ये त्या प्रकरणात आरोपनिश्चिती झाली, आरोपींनी आरोप नाकारले आहेत. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल, त्यावर इथे नको.

माझं म्हणणं एवढंच की माणूस चांगला आहे या भरवशावर अकादमी निवडू नये. व्यवस्था कशी आहे ते बघावं. कायदा, वैद्यकीय बाजू, दौरे, सराव यातलं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी तपशीलवार लिहा. ओळखीतल्या कुणाची प्रकरणं नावानिशी लिहू नका.

कलम_पान

सुरुवात कायद्यापासून करतो. २०१३ च्या पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे, मग ते निवासी असो वा नसो. आणि तक्रार करणारी स्त्री तिथली नोकरदार असायची गरज नाही, वयाचीही अट नाही. म्हणजे फी भरून शिकणारी खेळाडू तक्रार करू शकते.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक. अध्यक्ष स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा, महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

मुदत नीट लक्षात ठेवा: घटनेपासून, किंवा मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिने. समितीला कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येतात. खेळात हंगाम असतो, 'नॅशनल होऊ दे मग बघू' म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते. पोलीस तक्रारीला ही तीन महिन्यांची अट लागत नाही.

पाचवा_गडी

हे पुस्तकात ठीक आहे. जिल्हा संघटनेत पगारी माणूस एकही नसतो. अध्यक्ष, सचिव, पंच, कोच, सगळे मानद. "आमच्याकडे कर्मचारीच नाहीत, समिती कसली" असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो.

कलम_पान

@पाचवा_गडी, ते उत्तर चुकीचं आहे. कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या वाचा. मोबदला घेऊन असो वा नसो, स्वेच्छेने काम करणारा असो, हंगामी असो, रोजंदारीवर असो, सगळे त्यात येतात. मानद सचिव, स्पर्धेपुरते घेतलेले पंच, शिबिराचा स्वयंपाकी, ग्राउंडमन मोजले की दहाचा आकडा बहुतेक संघटना सहज ओलांडतात. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

खरी गोम दुसरीकडे आहे. जिल्हा संघटना पुष्कळदा एकाच घरात फिरतात. समिती कागदावर असते आणि तिच्या अध्यक्ष असतात सचिवांच्या सौभाग्यवती. म्हणून 'समिती आहे का' एवढंच विचारू नका, सदस्यांची नावं मागा आणि बाहेरचा सदस्य नेमका कुठल्या संस्थेतला ते विचारा.

हिरवळ

+१. नावं दर्शनी भागात लावणं हीसुद्धा कायद्याचीच अट आहे. फलक नसेल तर तिथेच समजायचं.

फिजिओ_सातारा

उपचाराच्या नावाखाली होणारा छळ ओळखणं सगळ्यात अवघड, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर. २०१८ च्या जानेवारीत त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, त्या सुनावणीत १५६ जणींची निवेदनं झाली. काही वेळा मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असायची. तो स्वतःचं शरीर मध्ये आणून आईची नजर अडवायचा, हातमोजे घालायचा नाही, काय करणार ते आधी सांगायचा नाही. पाठीचं, कमरेचं दुखणं घेऊन आलेल्या मुलींना हाच उपचार असावा असं वाटायचं, कारण तो ऑलिंपिक संघाचा डॉक्टर होता. म्हणजे सोबत माणूस असणं पुरेसं नाही, त्या माणसाला दिसलंही पाहिजे.

नीट चालणाऱ्या फिजिओ रूममध्ये काय असतं? टेबल भिंतीला चिकटवलेलं नसतं, सोबत आलेल्या व्यक्तीला दोन्ही बाजूंनी दिसेल असं असतं. दाराला आतून कडी लावत नाहीत. आडोसा हवा असेल तर पडदा, बंद दार नव्हे. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, बाकी टॉवेलने झाकलेला. हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूच्या) मसाजला शॉर्ट्स काढायची गरज नसते, कडेने वर दुमडली की काम होतं. जांघेच्या स्नायूची दुखापत असेल तर दुखणारी जागा खेळाडूने स्वतःच्या बोटाने दाखवायची, तपासणाऱ्याने चाचपडत शोधायची नाही. प्रत्येक वेळी आधी तोंडी परवानगी आणि नंतर नोंदवहीत एक ओळ: तारीख, कुठला भाग, काय केलं, सोबत कोण होतं. ही वही नसेल तर त्या फिजिओकडे पोरांना पाठवू नका.

हॉटेलच्या खोलीत पलंगावर उपचार कधीच नाही. दौऱ्यावर घडीचं टेबल नेता येतं, ते लॉबीलगतच्या किंवा टीम मीटिंगच्या खोलीत उघडं ठेवायचं. आणि ओटीपोटाच्या आतून करायचे उपचार हा संघाच्या फिजिओचा विषयच नाही, ते दवाखान्यात, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, लेखी संमतीनेच.

जुना_वस्ताद

सगळं मान्य, पण हात न लावता खेळ शिकवता येत नाही हेही लिहा. धोबीपछाड तोंडी कशी शिकवायची? जिम्नॅस्टिक्समध्ये कोचने आधार दिला नाही तर पोरगी मानेवर पडेल. प्रत्येक स्पर्शाकडे संशयाने बघितलं तर चांगले कोच मुलींना शिकवायचंच सोडून देतील. आणि २०२३ च्या प्रकरणातही अल्पवयीन मुलीची तक्रार शेवटी बंद झालीच ना?

सायली_के

@जुना_वस्ताद, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. स्पर्श बंद करा असं कुणीच म्हणत नाही. कुठे धरणार आणि का, हे आधी सांगायचं, सगळ्या गटासमोर. आधार देताना हात पाठीला आणि मांडीच्या मागच्या बाजूला, तळवा उघडा, उडी पूर्ण झाली की हात लगेच बाजूला. कुस्तीत डाव दाखवायचा तर एकाच वजनी गटातल्या दोन मुलींवर दाखवायचा, कोचने बाहेरून दुरुस्त करायचं. वजन सिंगलेटवरच (कुस्तीच्या पोशाखातच) होतं, त्यामुळे 'अचूक वजनासाठी' कपडे काढायला लावणं याला काहीही आधार नाही. चरबी मोजायचा चिमटा दंड, खांद्याचं हाड, कंबर, मांडी या ठिकाणी लावतात, तो मुलींना स्त्रीनेच लावावा आणि सोबत तिसरी व्यक्ती असावी. श्वास कसा घ्यायचा हे दाखवायला छातीवर किंवा पोटावर हात ठेवायची गरज नसते, खेळाडूने स्वतःचा हात ठेवायचा. हे सगळं पाळणाऱ्या कोचला घाबरायचं काही कारण नाही, उलट हेच त्याचं संरक्षण आहे.

कलम_पान

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ती अल्पवयीन मुलीची तक्रार रद्द करण्याचा पोलिसांचा अहवाल मे २०२५ मध्ये न्यायालयाने स्वीकारला, हे खरं. पण प्रौढ कुस्तीपटूंचा खटला वेगळा आहे, तो त्यामुळे संपलेला नाही. एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नये. पॉश कायदाही स्पष्ट सांगतो की पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, त्यासाठी दुष्ट हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो.

रेल्वे_कबड्डी

दौऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सगळ्यात जास्त फटी प्रवासातच असतात.

जून २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या शिबिरातून एका सायकलपटूने कोचविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महासंघांना लेखी सूचना दिल्या: महिला खेळाडू असलेल्या देशातल्या-परदेशातल्या प्रत्येक पथकात महिला प्रशिक्षक हवी, आणि शिबिरांना व परदेश दौऱ्यांना अनुपालन अधिकारी (नियम पाळले जातात का ते बघणारे), एक पुरुष आणि एक स्त्री. या सूचना राष्ट्रीय महासंघांसाठी आहेत, पण जिल्हा संघालाही तेच मागता येतं. मागा.

प्रत्यक्षात काय बघायचं? खोल्यांची यादी निघण्याआधी पालकांच्या हातात. मोठे आणि अठराखालचे एका खोलीत नाहीत, कोच आणि खेळाडू तर कधीच नाहीत. 'खोल्या कमी पडल्या' हे कारण ऐकून घ्यायचं नाही, कमी पडल्या तर संघ मंगल कार्यालयात सगळे एकत्र झोपेल. रेल्वेत मुलींचे बर्थ सलग, कडेच्या बर्थवर महिला व्यवस्थापक. तिकिटं आरएसीत अडकली की ऐनवेळी कोचच्या शेजारी जागा दिली जाते, म्हणून तिकिटांची यादी आधी मागायची. सामन्यानंतर एकट्या खेळाडूला कोचच्या गाडीवर पाठवायचं नाही, निदान दोघी. जखमी होऊन कुणी मागे राहिली तर तिच्यासोबत कोण राहणार हे निघण्याआधी ठरलेलं असावं. प्रत्येक जण संघासोबत मैदानावर असतो आणि ती खोलीत एकटी, नेमकं तेव्हाच कुणीतरी 'बघून येतो' म्हणतं.

आणि फोन. कोच खेळाडूला खाजगीत मेसेज करत नाही, गटात करतो, गटात एक पालक असतो. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद.

पाचवा_गडी

महिला व्यवस्थापक म्हणून कोचची बायको किंवा बहीण नेतात. नियम पूर्ण, उपयोग शून्य.

रेल्वे_कबड्डी

@पाचवा_गडी, बरोबर. पालकांपैकी एक आई आळीपाळीने पाठवा, खर्च सगळ्यांत वाटून घ्या.

लाल_आखाडा

सगळी चर्चा मुलींची चालली आहे. मुलांचं काय? तालमीत मुलं राहतात, मोठ्यांची मालिश करतात, एकाच सतरंजीवर झोपतात. इंग्लंडमध्ये फुटबॉल कोच बॅरी बेनेलने कित्येक वर्षं मुलांवर अत्याचार केले. २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू नावानिशी बोलला तेव्हा कुठे बाकीचे पुढे आले. तिथली पोरं त्याच्या घरी मुक्कामाला जायची आणि आईबापांना त्याचा अभिमान वाटायचा, कारण तो गुणी पोरं हेरणारा म्हणून नावाजलेला होता.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, अठराखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. पॉश मात्र फक्त स्त्रियांसाठी. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलावर बलात्कार झाला तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलमच उरलेलं नाही, आधीच्या दंड संहितेतलं ३७७ गेलं. मारहाण, धमकी, डांबून ठेवणं अशी इतर कलमं लावावी लागतात. ही कायद्यातली मोठी फट आहे आणि ती भरली पाहिजे. तोवर तालमीने निदान एवढं करावं: मोठ्यांची मालिश लहानांनी करायची नाही, झोपायच्या जागा वयाप्रमाणे वेगळ्या, रात्री दिवा पूर्ण बंद नाही.

मांडवीकाठ

गोव्यात पॉक्सोच्याही आधीचा, २००३ चा बाल कायदा आहे आणि पणजीला बाल न्यायालय आहे, तिथल्या अकादम्यांना दोन्ही लागू.

दुसरं म्हणजे मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य हा निकाल. प्रकरण गोवा विद्यापीठातलं, खेळाशी संबंध नाही. पण पॉशची अंमलबजावणी किती ढिसाळ आहे हे सांगताना न्यायालयाने वृत्तपत्रातली बातमी उद्धृत केली: देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ कडे अंतर्गत समितीच नाही. त्या निकालातून खेळाडूंनी आणखी एक गोष्ट घ्यावी. चौकशी समितीने घाई केली, आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून झालेली कारवाई रद्द होऊन प्रकरण परत पाठवलं गेलं. म्हणजे समितीने प्रक्रिया नीट पाळणं हे तक्रारदाराच्याच हिताचं असतं. तक्रारीच्या सहा प्रती, सात कामकाजी दिवसांत प्रत समोरच्याला, दहा कामकाजी दिवसांत त्याचं उत्तर, चौकशी नव्वद दिवसांत, प्रत्येक बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य. कुठली पायरी चुकली तर लगेच लेखी कळवा.

डॉ_मैदान

बलात्काराची घटना घडली तर पहिल्या काही तासांत काय करायचं ते लिहिते. खेळाडूंच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या होतात.

सराव संपला की अंघोळ, आइस बाथ आणि संघाचा किट धुवायला, ही सवय अंगात भिनलेली असते. पुरावा तिथेच जातो. शक्य असेल तर अंघोळ नाही, कपडे धुवायचे नाहीत. कपडे कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात, प्रत्येक कपडा वेगळा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. साधारण ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात, पण जितकं लवकर तितकं चांगलं. अंघोळ झाली असली तरी जा, उपचार त्याहून महत्त्वाचे.

एफआयआर आणा मग तपासतो, असं रुग्णालय म्हणू शकत नाही. सरकारी असो वा खाजगी, मोफत उपचार बंधनकारक आहेत, नकार देणं हा गुन्हा आहे. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे, कुणी करू लागलं तर स्पष्ट नकार द्या.

आता खेळाडूंची भीती: औषध घेतलं तर डोपिंगमध्ये सापडेन का? या भीतीने मुली गोळ्या घ्यायच्या टाळतात, म्हणून स्पष्ट लिहिते. गर्भनिरोधाची तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत, प्रतिबंधित यादीत नाही. एचआयव्ही टाळायची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, तीही यादीत नाहीत. सलाइनला मर्यादा आहे (बारा तासांत १०० मिलिलिटर), पण रुग्णालयातल्या रीतसर उपचारात दिलेलं चालतं. डिस्चार्जचा कागद आणि औषधांची यादी मात्र जपून ठेवा.

हिरवळ

अवांतर: डोप टेस्टचा विषय निघालाच आहे तर. लघवीचा नमुना देताना समोर माणूस असतो, हे नवख्या खेळाडूंना माहीत नसतं आणि याचा गैरफायदा घेणारा कुणीही 'टेस्ट आहे' म्हणू शकतो. तो साक्षीदार खेळाडूच्याच लिंगाचा असावा लागतो, ओळखपत्र दाखवावं लागतं. अठराखालच्या खेळाडूला सोबत प्रतिनिधी नेता येतो, तो साक्षीदारावर लक्ष ठेवतो. हॉटेलच्या खोलीत कोच स्वतः 'नमुना' मागत असेल तर ती डोप टेस्ट नव्हे.

सायली_के

हे माहीत नव्हतं. मुलींच्या गटात पाठवते.

तांबडं_फुटलं

खेळाबाहेरचंही घ्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे पाच वाजता हायवेच्या कडेने पळतात. गाडी हळू करून मागे मागे येणं, रोज त्याच वळणावर उभं राहणं, नकार दिल्यावरही मेसेज करत राहणं, हा पाठलाग म्हणजे गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७८. गाडीचा नंबर आणि वेळ त्याच दिवशी वहीत लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की तक्रार वजनदार होते. तातडीला ११२.

फोटोंचा प्रकार वाढला आहे. स्पर्धेतले फोटो, विशेषतः पोहणं आणि जिम्नॅस्टिक्समधले, बदलून पसरवतात. सायबर पोर्टलवर तक्रार करा, आणि संमतीविना पसरवलेली खाजगी चित्रं रोखणाऱ्या 'स्टॉप एनसीआयआय' या सेवेवर चित्राची डिजिटल खूण तयार करता येते, त्यात चित्र फोनबाहेर जात नाही. अठराखालच्यांसाठी तशीच 'टेक इट डाऊन' आहे. मेसेजचा पुरावा म्हणून नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो. मूळ फोन तसाच ठेवा, चॅट पुसू नका, फोन बदलला तरी जुना विकू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

कलम_पान

काळी_मातीने सुरुवातीला विचारलं होतं, कोण ऐकणार. रुचिका गिरहोत्रा आठवा. पंचकुला, ऑगस्ट १९९०, चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग. आरोपी हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक. शाळेतून नाव काढलं, भावावर गाडीचोरीच्या केसेस पडल्या, १९९३ मध्ये तिने विष घेतलं. गुन्हा नोंदला गेला १९९९ मध्ये. २००९ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा, ती पुढे दीड वर्ष झाली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगलेल्या सुमारे सहा महिन्यांवर आणली. मैत्रीण साक्षीला ठाम राहिली आणि तिचं कुटुंब शेवटपर्यंत लढलं, म्हणून एवढं तरी झालं.

आज विश्वासाच्या पदावरच्या माणसाने अल्पवयीन खेळाडूशी तेच केलं तर पॉक्सोच्या कलम १० खाली किमान पाच वर्षं. आणि कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्यालाही शिक्षा: सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. त्यामुळे अठराखालच्या खेळाडूच्या बाबतीत 'आपण आपसात मिटवू' म्हणणारा अध्यक्ष स्वतः गुन्हा करत असतो. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय, पालकांसमोर. पोलीस ठाण्यात बसवून ठेवायचं नाही.

बदल्याची भीती मात्र आजही तीच आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि दोन्हीसाठी संघटनेच्या सचिवाच्या सहीचं प्रमाणपत्र. एका सहीत पोरीचं आयुष्य अडकतं. यावर पॉशच्या नियमांत एक हत्यार आहे जे फार कमी जण वापरतात: नियम ८. चौकशी सुरू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करू नये, अशी शिफारस समिती तक्रारदाराच्या लेखी विनंतीवरून संस्थेला करू शकते. तक्रारीतच लिहा की या व्यक्तीला निवड समितीतून आणि प्रमाणपत्रावरच्या सहीतून बाजूला ठेवावं. आणि निवड चाचणीचे आधीचे निकाल, वेळा, गुणतक्ते तक्रारीला जोडा, म्हणजे नंतर अचानक 'फॉर्म गेला' म्हणता येत नाही.

जुना_वस्ताद

नियम ८ चं माहीत नव्हतं. हे संघटनांच्या कोचिंग कोर्समध्ये शिकवलं पाहिजे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित खेळ धोरणाची तरतूद आहे, त्यात स्पर्शाचे आणि दौऱ्याचे नियम इतक्याच बारकाईने यावेत.

काळी_माती

सगळ्यांचे आभार. एक अडचण उरते. समितीच्या सदस्यांची नावं विचारली की अकादम्या म्हणतात, "प्रवेश घ्या, मग देतो."

रेल्वे_कबड्डी

फी भरायची नाही.

कलम_पान

तोंडी विचारू नका, ईमेल करा. चार प्रश्न: समितीतल्या सदस्यांची नावं आणि बाहेरच्या सदस्याची संस्था, वसतिगृहाच्या खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या कुणाकडे, मागच्या दौऱ्यात सोबत गेलेली महिला व्यवस्थापक कोण, आणि पालक न सांगता कुठल्याही दिवशी येऊ शकतात का. शेवटच्या प्रश्नाला 'फक्त रविवारी' असं उत्तर आलं तर बाकीचे तीन वाचायची गरज नाही. समितीच नाही असं निघालं तर तोच ईमेल जोडून जिल्हा अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात पोच घेऊन. तुमचं मूल तिथे जाणार नसलं तरी द्या, दुसऱ्यांची आत आहेत.